वळणाच्या पोटातली मळी

नदी किन्हीराजा गावाच्या खालच्या अंगाला येते आणि कूस बदलते. डोंगरातून उतरताना ती सरळ धावत असते. इथं एकाएकी समोर उभी काळी दरड येते, आणि त्या दरडीवर जानरावाचं वावर. नदी दरडीला छातीनं धडक देते, तिच्या बुडाची माती कुरतडते आणि वळून पुढं जाते. समोरच्या थडीला, वळणाच्या पोटात, तिचं पाऊल हळू पडतं. तिथं ती दरसाल आणलेलं ओझं ठेवून जाते. आधी गोटे, गोट्यांवर वाळू, आणि पूर ओसरता ओसरता वाळूवर लोण्यासारखा मऊ गाळ. अशी साठत गेलेली जमीन म्हणजे मळी. ती मळी मोहनसिंगाची होती.

जानरावाची बायको सोजरबाई धुणं धुताना एक ओवी म्हणायची. तिच्या मायची होती ती.

नदीबाईच्या डोईवर, डोंगराची मोळी
उतारानं धावे बाई, सपाटीले टाके मळी

रानातून मोळी आणणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. उतारावर ओझंच माणसाला पळवतं. सपाटी आली, पाय जड झाले, की आधी सगळ्यात जड लाकूड उतरवावंसं वाटतं. पाण्याचंही तसंच. धावतं तोवर त्याच्या अंगात बळ, आणि बळ आहे तोवर ते डोंगरही उचलतं. वळणाच्या पाठीकडचं पाणी धावतं आणि खणतं, पोटाकडचं रेंगाळतं आणि टाकतं. सोजरबाईला हे चाळीस वर्षं धुण्याच्या दगडावर बसून कळलेलं होतं. ती कोणाला सांगायला गेली नव्हती, आणि कोणी विचारायलाही आलं नव्हतं.

जानराव आणि मोहनसिंग एका वर्गात शिकलेले. शिरपूरच्या बाजाराला एकाच मोटारसायकलवर जायचे, येताना एकमेकांच्या खिशातली तंबाखू खायचे. दरडीचा तुकडा कोसळला की मोहनसिंग पल्याडून हाक द्यायचा, “जानरावभाऊ, तुमचं वावर मायाकडे पाहुणं येऊन राह्यलं. चहा पाजू का जेवू घालू?”

“राहू दे दोन दिवस,” जानराव ओरडायचा. “पाहुणा हाय, घरी वापस येईन.”

दोघं हसायचे. दरडीची माती समोरच्या मळीवर जाऊन बसते, यावर दोघांचं एकमत होतं. दोघंही चुकत होते. सोजरबाईची धुण्याची लाकडी मोगरी तीनदा पाण्यात गेली होती. तिन्ही वेळा ती मिळाली ती आपल्याच थडीला, अर्धा कोस खाली, जिथं नदी पुन्हा उलटी वळते आणि तिचं पोट अल्याड येतं. तिथं बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं होतं, आणि खाली हातभर काळी माती होती, ओळखीची, चुनखडीचे बारीक पांढरे खडे असलेली. तशी माती त्या शिवारात जानरावाच्या वावरात होती, दुसरीकडे कुठं नव्हती. तिनं एकदा नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मोगरीच्या मागं फिरणाऱ्या बाया आता तलाठी होतील.

सोजरबाई लग्न होऊन आली तेव्हा विहिरीपासून दरडीपर्यंत चाळीस पावलं होती. गेल्या भाद्रपदात अकरा ओळी तूर पुरात गेली आणि बारा पावलं उरली. जानरावाचं हसणं त्या दिवशी थांबलं. त्यानं गावात चहाच्या टपरीवर, चारचौघांत, मोहनसिंगाकडे अर्धी मळी मागितली. माझीच माती आहे, म्हणाला, मी नुसती मागून राहिलो, भांडून नाही राहिलो. मोहनसिंगानं बशीत चहा ओतला, फुंकला, आणि म्हणाला, “भाऊ, पाहुणा आता घरजावई झाला. तो काही वापस येत नाई.”

टपरी हसली. जानराव उठून चालता झाला. त्याचा पोरगा हरीओम तिथंच होता, त्यानं हसणाऱ्यांची तोंडं मोजून घेतली.

सोजरबाईला वावराचं दुःख होतं, पण काळजी हरीओमची होती. तीन लेकरं झाली, दोन पाळण्यातच गेली, हा एक सव्वीस वर्षांचा होऊन उभा राहिला. बापाचा राग त्याच्यात दुप्पट उतरला होता. वावर नदीत गेलं तर मजुरी करू, असं ती स्वतःशी म्हणायची. हा गेला तर काय, इथवर आली की हातातली मोगरी दगडावर जोरानं आपटायची.

वैशाखात नदी गोट्यांमधून नुसती झिरपत होती तेव्हा बाप-लेकानं काम काढलं. दरडीपासून पात्रात आडवा बांध. अशा बांधाची रीत जुनी होती. जानरावाचा आजा बाभळीच्या काट्यांच्या पेंढ्या खुंटांना बांधून पाण्यात उभ्या करायचा, विरळ, केसांतून फणी जावी तसं पाणी त्यातून जावं म्हणून. काट्यांत अडखळून पाणी थकायचं, आणि थकलं की गाळ दरडीच्या पायाशी ठेवायचं. आज्याचा बांध पाण्याला दमवायचा. जानरावानं बांधला तो निराळा होता. तारेच्या जाळ्यांत गोटे ठासून, वर काटे रचून, त्यानं पुरुषभर उंचीची भिंत घातली, आणि ती सरळ न घालता प्रवाहाच्या दिशेनं तिरपी घातली. अर्धवट उघडलेल्या दारासारखी.

सोजरबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा बराच वेळ बघत राहिली. तिच्या धुण्याच्या जागी असाच एक तिरपा दगड होता. पाणी त्याला घासून गेलं तर खाली जायचं, पण त्याच्या वरून चढून गेलं की दगडाच्या धारेवरून आडवं पडायचं, थेट काठावर, आणि काठ खायचं.

“याचं तोंड वर करा,” ती म्हणाली. “पाण्याच्या सामने. असा खाली झुकवला तर पाणी चढल्यावर आपल्याच दरडीवर पडन.”

“मले पाणी पल्याड लोटाचं हाय. दार लोटतेत तसं.”

“तुमाले गाळ पाह्यजे का त्याची मळी तोडाची हाय?”

जानराव पुढचा गोटा जाळीत ठासू लागला. हरीओम हसला आणि म्हणाला, माय, भाकर ठेव आणि जाय.

श्रावण कोरडाच गेला. भाद्रपदात, गौरी उठल्याच्या तिसऱ्या दिवशी, वर डोंगरात रात्रभर पाऊस पडला. गावात ऊन होतं. उन्हात नदी चढत आली, तांबडी, फेसाळ, पोटात गोट्यांची गडगड घेऊन. सकाळी नऊला बांधानं जानरावाच्या मनासारखं काम केलं. पात्र अरुंद झालं, त्या अरुंद वाटेनं पाण्याला जोर आला, आणि ते धार बांधून समोरच्या मळीवर गेलं. मळीचे तुकडे पडू लागले. वर मोहनसिंगाची कपाशी उभी होती, बोंडं धरलेली. एकेक ओळ आधी मान वाकवायची, मग मुळासकट पाण्यात बसायची.

जानराव दरडीवर उभा राहून बघत होता. वर्षानं पहिल्यांदा तो हसला. पल्याड मोहनसिंग आणि त्याचा धाकटा भाऊ धनसिंग धावत आलेले दिसले, तेव्हा त्यानं तोंडाला हात लावून हाक दिली.

“मोहनसिंग! पाहुणा निंगाला वाटते!”

दोघं भाऊ वळले आणि वरच्या पुलाकडे पळत गेले.

अर्ध्या तासानं ते अल्याडच्या बांधावर होते. मोहनसिंगाच्या हातात पहार, धनसिंगाच्या हातात तार तोडायचा लोखंडी पाना. सोजरबाई नुकतीच दुपारची भाकरी घेऊन पोचली होती. ती बांधाच्या वरच्या अंगाला, बारा पावलांवर होती. हे अंतर पुढं तिला पुष्कळदा सांगावं लागलं, म्हणून ते पक्कं लक्षात राहिलं.

बांध जिथं दरडीला टेकला होता तिथं मोहनसिंग बसला, पहार तारेत घातली आणि जोर दिला. तार कण्ण करून तुटली. दोन गोटे पाण्यात गेले.

“हात काढ,” जानराव म्हणाला. काटे तोडायची कुऱ्हाड त्याच्या हातात होती. ती सकाळपासूनच होती.

मोहनसिंगानं वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तरीही तो मोहनसिंगच होता. “काढतो न भाऊ,” तो म्हणाला. “आधी पाहुण्याचं सामान तर काढू दे.”

पहिला घाव मानेच्या आणि खांद्याच्या मधी पडला. ओलं लाकूड फाटावं तसा आवाज झाला. मोहनसिंग ओरडला नाही. त्यानं पहार बाजूला ठेवली, नीट, कोणाला लागू नये अशी, आणि दम खायला बसतात तसा काट्यांवर मागं टेकला. रक्त आधी आलंच नाही. मग आलं ते एकदम आलं, सदऱ्याचा खिसा भरून वाहिलं. पहिला घाव रागानं पडला होता. दुसरा का पडला ते जानरावाला कधी सांगता आलं नाही. तो डोक्यावर पडला.

धनसिंग गुरासारखा हंबरला आणि जानरावावर धावला. मधी हरीओम आला. पाना हरीओमच्या जबड्यावर बसला, दात निखळून ओठातून बाहेर आला. हरीओमनं त्याच तोंडानं धनसिंगाच्या कानाला चावा घेतला. दोघं काट्यांवरून खालच्या अंगाला लोळले. काटे पाठीत मोडत होते आणि दोघांनाही ते लागत नव्हते. सोजरबाई भाकरीचं फडकं टाकून धावली. बारा पावलांतली सात ती चालली असेल.

तेवढ्यात नदी बांधावर चढली.

चढली आणि वळली. बांधाच्या तिरप्या माथ्यावरून पाणी आडवं पडलं, दगडावरून पडायचं तसंच, थेट जानरावाच्या दरडीवर. पायाखालची जमीन आधी थरथरली. मग भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी एक लांब भेग पडली, आणि बांधाच्या खालच्या अंगाची, विहिरीपर्यंतची दरड बसली. हरीओम आणि धनसिंग, एकमेकांच्या गळ्यात हात रुतवलेले, तिच्याबरोबर खाली गेले. तांबड्या पाण्यात एकदा एक हात दिसला. कोणाचा ते कळलं नाही. त्यांच्यामागं विहिरीचं तोंड वाकलं, बांधकामाचा एकेक दगड सुटत गेला, आणि आतलं गोडं पाणी बाहेरच्या गढूळ पाण्यात मिसळलं.

मोहनसिंग काट्यांत अडकून राहिला होता. जानराव त्याच्याशेजारी कुऱ्हाड धरून उभा होता, आणि नदीकडे बघत पोराचं नाव घेत होता.

शेजारच्या वावरातला भिवाजी दोर घेऊन धावत आला, त्याच्यामागं पाच-सहा जण. जानराव त्यांना म्हणाला, पल्याड पाहा, मळीवर पाहा, इथून गेलेलं सगळं तिथंच जाते. ते पुलाकडे पळाले. सोजरबाई ओरडून सांगत होती, पल्याड नाई, खाली, आपल्या थडीनं खाली. पळणाऱ्याला बाईचा आवाज मागून ऐकू येत नाही. मग ती एकटीच वळली.

ती काठाकाठानं निघाली. तुरीतून, सोयाबीनमधून, बाभळीच्या कुंपणातून. एक चप्पल पहिल्याच ओढ्यात गेली. डोळे पाण्यावर होते, पण पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ती कडेला काय पडलंय ते बघत होती. पहिल्या टप्प्यात तारेची जाळी दिसली, गोट्यांसकट, फार लांब न गेलेली. जड होती, नदीनं तिला आधी टाकलं. तिथं माणूस थांबणार नाही. पुढं अंड्याएवढे गोटे, मग बोरांएवढे खडे. पाणी अजून जोरात होतं. वाळू दिसेपर्यंत थांबायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. वाळू दिसली तेव्हा पाण्याचा आवाजही उतरला होता, गडगड संपून नुसती सळसळ उरली होती. तिथं एक मेलेली शेळी होती. सोजरबाईनं तिच्याकडे दोनदा पाहिलं. मग बेशरमाचं रान आलं, नदी उलटी वळली, आणि तिच्या पोटात, या थडीला, ओला चकचकीत गाळ पसरलेला दिसला.

गाळाच्या मधोमध दोघं होते. जिवंत होते. आणि अजून एकमेकांना मारत होते.

चिखलानं त्यांचे चेहरे पुसून टाकले होते. आवाजावरूनच तिला आपला ओळखू आला. धनसिंग काठाकडे होता, कमरेपर्यंत रुतलेला. त्याच्यापलीकडे हरीओम, पोटाच्या वरपर्यंत. धनसिंगानं त्याचे केस मुठीत धरले होते आणि तो त्याचं तोंड गाळात दाबत होता. हरीओमचा हात मागं येऊन त्याच्या फाटक्या कानात बोटं घालत होता. अंगात त्राण राहिलं नव्हतं. एक ठोसा मारायचा, दम घ्यायचा, मग दुसऱ्यानं मारायचा. आणि प्रत्येक ठोशागणिक दोघंही बोटभर खाली जात होते.

नव्या गाळाचा हा गुण तिला ठाऊक होता. वरून साय धरलेली, आत पातळ. निवांत राहिलं तर तो माणसाला धरून ठेवतो. हलवला की त्याचं पाणी सुटतं आणि तो गिळतो. एका साली इथंच भिवाजीची म्हैस धडपडून धडपडून गेली होती. तिच्यामागं आलेलं पारडू भिऊन स्तब्ध उभं राहिलं, ते वाचलं.

“हलू नका,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडलं तर ते आणखी हलतील. “हरीओम, हलू नको. धनसिंग, तू बी हलू नको. हालसान तितके खाली जासान.”

तिनं बेशरमाच्या काठ्या मोडून गाळावर आडव्या-उभ्या टाकल्या. साडी सोडली, पिळून दोर केला, एक टोक पुरात वाहून आलेल्या बाभळीच्या खोडाला बांधलं, आणि परकरावरच पालथी पडून काठ्यांवरून सरकत पुढं गेली. दोराचं टोक धनसिंगाच्या हाताच्या अंतरावर आलं. हरीओम त्याच्यापलीकडे चार हातांवर होता. दोर तिथवर पुरत नव्हता. पुरायला हवा असेल तर मधल्या माणसानं एका हातानं दोर धरायला हवा होता आणि दुसऱ्या हातानं तिच्या पोराला.

धनसिंगानं दोराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दुसऱ्या हातात हरीओमचे केस अजून होते. गाळ हरीओमच्या छातीला लागला होता. तो आता मारत नव्हता, नुसता खोकत होता.

“तुया नवऱ्यानं माया भावाले तोडलं, वैनी.”

“तोडलं. मी पाह्यलं.”

“उद्या ठाण्यात म्हणसान, पाय घसरला. गोट्यावर डोकं आपटलं. सारं गाव म्हणन.”

“गाव म्हणन.”

“मग याले कायले काढू? याले बी नदीनंच नेलं म्हणू.” त्यानं हरीओमचं डोकं हलवलं. गाळ हनुवटीजवळ आला.

सोजरबाईच्या तोंडात चिखल गेला होता. तिनं तो थुंकला नाही, गिळला. दरडीवरून तिनं जे पाहिलं होतं ते या क्षणापर्यंत तिच्या आत आवाजाशिवाय होतं. आता तिला ओलं लाकूड फाटल्याचा तो आवाज पुन्हा ऐकू आला, दोन वेळा.

“मी सांगन,” ती म्हणाली. “कुऱ्हाड कोणाच्या हातात होती ते सांगन. दोन घाव होते, ते बी सांगन. मी बारा पावलावर होते.”

“याची शपथ घे.”

“लेकराची शपथ घेणार नाई मी. तू त्याले काढ, मी अशीच चालन तुयासंग मालेगावच्या ठाण्यात. या चिखलासकट. घरी बी जाणार नाई, हरीओमच्या बापाचं तोंड बी पाह्यणार नाई.”

हरीओमनं मान वर केली. फुटलेल्या जबड्यातून शब्द नीट निघत नव्हते, पण कळत होते. “माय. बाबाचं नाव घेशीन तर मी तुया पोरगा नाई.”

“नसशीन तर नस,” सोजरबाई म्हणाली. “जित्ता राह्य.”

पलीकडून नदी वाहत होती. तिच्या कडेचं पाणी अगदी संथ होतं, हाताच्या अंतरावर, आणि त्या संथ पाण्यातून बारीक गाळ खाली बसताना दिसत होता, धुरासारखा. मग धनसिंगानं केस सोडले आणि हरीओमचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं दोर मनगटाभोवती दोनदा गुंडाळला.

तिनं त्यांना कसं निघायचं ते सांगितलं. ओढायचं नाही. मागं टेकायचं, पाठीवर, पाण्यात पोहतो तसं. एक पाय सुटेपर्यंत दुसरा हलवायचा नाही. पाय सुटला की त्याच्या जागी पाणी भरू द्यायचं. धनसिंग आधी सुटला. त्याला बाहेर पडायला आता कोणाची गरज नव्हती, खोड समोर होतं. तो आडवा पडून राहिला आणि हरीओमचं मनगट त्यानं सोडलं नाही. त्याचा कान लोंबत होता, त्यातून रक्त येऊन गाळात काळं होत होतं. तो रडत होता आणि शिव्या देत होता, जानरावाला, हरीओमला, नदीला, सोजरबाईला. हरीओम बोटाबोटानं बाहेर येत होता. सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा त्याची पावलं सुटली. तो खोडापाशी पडला, ओकला, आणि आईनं तोंड पुसायला हात पुढं केला तो त्यानं बाजूला सारला.

ओला दोर सोडून ती पुन्हा साडी नेसली.

तिघं रस्त्याकडे निघाले. धनसिंग पुढं, ती मधी, हरीओम मागं. एका मालवाहू टेम्पोवाल्यानं त्यांना पाहून आधी गाडी पळवली आणि मग थांबवली.

मालेगावच्या ठाण्यात जानराव बाकावर बसला होता. भिवाजी त्याच्याजवळ उभा होता. मोहनसिंगाला काट्यांतून काढून दवाखान्यात नेलं होतं, नुसतं मेल्याचं लिहून घेण्यापुरतं. टेबलामागचा हवालदार जानराव सांगेल तसं लिहीत होता. बांधावर चढला, पाणी चढलं, पाय घसरला, डोकं गोट्यावर आपटलं. भिवाजी मधूनमधून मान हलवत होता. कुऱ्हाडीबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

सोजरबाई दारातून आत आली. फरशीवर तिच्या पावलांचे काळे ठसे उमटत गेले. हवालदारानं भुवया वर केल्या. भिवाजी म्हणाला, वैनी, तुमी बसा, तुमाले काही झालं नाही न. ती बसली नाही. टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की पाय घसरला नाही. माया नवऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती. एक घाव मानेवर, एक डोक्यावर. मी बारा पावलावर होते. तिचा आवाज धुण्याच्या दगडावर असतो तसाच होता, ना वर ना खाली.

भिवाजीनं तिचा दंड धरला. बाई वेडी झाली, म्हणाला, पोरगा पाण्यात गेला तिचा, काहीही बोलते. ती त्याच्याकडे वळली नाही. तिनं एकदाच जानरावाकडे पाहिलं. द्यायचा होता तो शब्द धनसिंगाला दिला होता, पण तोंड बघणार नाही हा भाग तिला पाळता आला नाही.

जानरावाचे ओठ सुकले होते. तिनं काय सांगितलं ते त्याला ऐकूच आलं नसावं. त्यानं सकाळपासून अडवून धरलेलं एकच विचारलं.

“हरीओम?”

“भायेर बसला हाय. धनसिंगाजवळ.”

“धनसिंगाजवळ कायले?”

“त्यानंच काढला. मी ठाण्यात सांगन म्हणून काढला.”

जानराव दाराकडे बघत राहिला. बाहेर पायरीवर दोन चिखलाची माणसं होती, मधी हातभर जागा सोडून. त्यातला एक खोकला. त्या खोकल्यावर जानरावाचे खांदे खाली आले, एकदम, कोणी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तसे. भिवाजी काहीतरी बोलू लागला, त्याला त्यानं हातानं थांबवलं.

“पयलं लिहिलेलं खोडा, सायेब,” तो हवालदाराला म्हणाला. “बाई म्हणते तसं लिहा.”